ताईची पाण्यातली विजार

बाजारात आपल्याला आजवर कुणी फसवलेलं नाही, असं भाऊ सगळ्यांना सांगायचा आणि ते बऱ्यापैकी खरंही होतं. त्याचं नळ, कुलपं, बिजागऱ्या आणि खिळ्यांचं दुकान होतं. दिवसभर माल विकता विकता माल घ्यावा कसा, हे त्याच्या अंगात भिनलं होतं. घरातला फ्रीज, शेजाऱ्यांचा पंखा, व्याह्यांचं शिलाई मशीन, सगळी खरेदी भाऊच्या हातून व्हायची. दुकानदाराने आकडा सांगितला की भाऊ आधी हसायचा. मग हातातली वस्तू हळूच खाली ठेवायचा. मग दाराकडे चालू लागायचा. उंबऱ्यापाशी पोचेपर्यंत मागून हाक यायचीच. त्या हाकेसाठीच तो खरेदीला जायचा, असं त्याची बायको म्हणायची.

या भाऊला 'छोट्या' म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं, त्याची मोठी बहीण. भाऊचं पोट सुटलं, डोक्यावरचे केस गेले, तो सासरा झाला, तरी ताईच्या तोंडी तो छोट्याच राहिला.

ताईने सगळी नोकरी शहराच्या बसवर काढली, तीही चालक म्हणून. लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर "वेळापत्रकात बसलं नाही" म्हणून मोकळी व्हायची. भाऊच्या दुकानावरच्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या होत्या, आणि जेवायला ती खाली भाऊकडे असायची. तिची शेवटची काही वर्षं ज्या मार्गावर गेली, तो नदीच्या पुलापाशी संपायचा. बस वळवून उभी केली की परत निघेपर्यंत ती कठड्याला टेकून खाली बघत राहायची. खाली माणसं पाण्यात उभी राहून गळ टाकत असायची. कुणी बोलत नसे, कुणी घंटी वाजवत नसे, कुणी सुट्टे मागत नसे. निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने गळाची काठी विकत घेतली आणि पुलाखालच्या त्या मंडळींच्या क्लबात नाव घातलं.

हौस आहे, चार महिने टिकेल, असं भाऊला वाटलं होतं. ती टिकली. दर रविवारी सकाळी ताई डब्यात पोळी-भाजी घेऊन जायची आणि उन्हं चढल्यावर रिकाम्या हाताने, पण गुणगुणत परत यायची.

अशाच एका रविवारी जेवताना ती म्हणाली, "मला वेडर घ्यायचेत."

"काय घ्यायचेत?" भाऊने विचारलं.

"वेडर. पाण्यात उभं राहायची विजार असते. पायापासून छातीपर्यंत एकच, खांद्याला पट्टे. आत पाणी येत नाही."

भाऊचा घास हातातच राहिला. "नावातच वेड आहे की गं!"

"असू दे. काठावरून माझा गळ मधल्या धारेपर्यंत पोचतच नाही. मासे सगळे तिकडे, धारेच्या पलीकडच्या डोहात. बाकीचे सगळे आत उतरतात, मी आपली काठावर धुणं धुवायला आल्यासारखी उभी."

"कुणाची तरी घाल ना मागून."

"घातली. आमच्या क्लबाच्या अध्यक्षांनी दिली, ते दातांचे डॉक्टर आहेत ना, उंच, त्यांनी. हनुवटीपर्यंत आली मला. बूट तर असे की पाय उचलला की बूट मागेच राहायचा. मी ती घातली नव्हती रे, त्यात राहायला गेले होते. अजून एक भाडेकरू मावला असता."

भाऊची बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. पाणी पिऊन ती म्हणाली, "अहो, घेऊ द्या की त्यांना. स्वतःसाठी कधी काय घेतलंय त्यांनी?"

"घेऊ नको कुठे म्हणतोय मी?" भाऊ म्हणाला. "फक्त एकटीने जाऊ नकोस. मी येतो. खरेदी माझ्यावर सोड."

पुढच्या सुट्टीला भाऊ तिला घेऊन आधी आपल्या ओळखीच्या रेनकोट आणि ताडपत्रीवाल्याकडे गेला. त्याच्याकडे एकाच तऱ्हेचे वेडर होते. हिरवेगार, चकचकीत, घडी उलगडली की नव्या बादलीसारखा वास येणारे. त्याने किंमत सांगितली. भाऊ हसला. वस्तू खाली ठेवली. दाराकडे वळला. तीनच पावलं टाकली असतील.

"भाऊ, या हो या! तुम्हाला कुणी परत पाठवलंय का?"

किंमत जवळजवळ अर्ध्यावर आली. भाऊने ताईकडे पाहिलं. कौतुकाची अपेक्षा होती, पण ताईचं लक्षच नव्हतं. तिने वेडर चढवले होते आणि दुकानातल्या स्टुलावर पाय ठेवून बघत होती.

"काय करतेयस?"

"बसच्या पायरीएवढा पाय उचलून बघतेय. उचलत नाही. जांघेत ओढ बसते." मग ती चक्क उकिडवी बसली. कुठेतरी बारीक करकर झाली. "ऐकलंस?"

"नवीन माल आहे, जरा कडक असतो," दुकानदार म्हणाला.

ताईने वेडर उतरवून बाही उलटी करावी तसे उलटे केले आणि शिवणीवरून अंगठा फिरवत नेला. "शिवणीवर आतून पट्टी कुठाय? नुसती चिकटवलीय."

"ताई, यात निळा रंगपण येतो."

"मी पाणी कुठून शिरेल ते विचारतेय, तुम्ही रंग सांगताय," ताई म्हणाली आणि वेडर घडी करून परत ठेवले. "नको रे छोट्या."

"अगं, पण भाव बघ ना! ह्या भावात चांगली छत्री येत नाही."

"मग छत्री घेऊ या."

भाऊची पंचाईत झाली. तोडलेला भाव सोडून निघून जाणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं, आणि ओळखीच्या माणसासमोर तर मुळीच नाही. त्याने पाकीट काढलं. "बांधून दे. माझ्या मापाचे दे. मी वापरतो. मग कळेल हिला."

पिशवी काखोटीला मारून तो ताईबरोबर पुढे निघाला. ताईला क्लबातल्या लोकांनी पुलाजवळचं एक दुकान सांगितलं होतं. लहानच दुकान होतं, पण भिंतीभर गळाच्या काठ्या उभ्या होत्या आणि काउंटरमागे मालकीण जुन्या वेडरच्या गुडघ्याला ठिगळ लावत बसली होती. चष्मा डोक्यावर, हाताला डिंकासारखं काहीतरी लागलेलं. ताईला ते बघूनच बरं वाटलं, असं तिने नंतर सांगितलं. जिथे विकतात तिथेच दुरुस्तही करतात, म्हणजे विकलेल्या वस्तूचं पुढे काय होतं हे त्यांना माहीत असतं.

मालकिणीने तीन जोड समोर मांडले. पहिला भाऊच्या पिशवीतल्याचाच सख्खा भाऊ. दुसरा मधला. तिसरा इतका महाग की किमतीची चिठ्ठी बघून भाऊने ती उलटी करून पुन्हा पाहिली.

ताईने एकच प्रश्न विचारला. "यातला दुरुस्तीला परत कोणता जास्त येतो?"

मालकीण जराशी थबकली. मग हसली. "खरं सांगू? स्वस्तातला येतच नाही, तो लोक फेकून देतात. येतो तो हा महागातला. समोरच्या चेनमध्ये वाळू अडकते."

"मग त्याचे इतके पैसे कसले?"

"वजनाला हलका आहे. आतला घाम बाहेर जातो. डोंगरातून तासन्‌तास चालत जाणाऱ्यांना फार बरा."

"मी बसने जाते," ताई म्हणाली. "मधला दाखवा."

मधला राखाडी होता, दिसायला काही खास नाही. गुडघ्याला आणि मागे दुहेरी कापड होतं. आतून प्रत्येक शिवणीवर रुंद पट्टी बसवलेली. बूट वेगळे, त्यांच्या तळाला दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा, शेवाळावर पाय घसरू नये म्हणून. कमरेला पक्का पट्टा. "पडलात तरी पट्ट्याच्या खाली पाणी भरत नाही," मालकीण म्हणाली. "आणि हा बायकांच्या मापाचा आहे. पायाला आखूड, बसायला ऐसपैस."

ताई आतल्या खोलीत जाऊन घालून आली आणि आरशासमोर उभी राहिली. पाय उचलून पाहिला. उकिडवी बसली, उठली, पुन्हा बसली. करकर नाही, ओढ नाही. ती आरशापुढून हलेना, तेव्हा भाऊने विचारलं, "काय झालं? टोचतंय का?"

"नाही रे," ताई म्हणाली. तिचा आवाज थोडा बदलला होता. "नोकरीत गणवेशाची पँट पुरुषांच्याच मापाची मिळायची. कमरेत टाचून, खालून दुमडून घालायचे. सुरुवातीला अर्ज केले, मग कंटाळले. हे बघ, कुठेच दुमडायला लागलं नाही."

भाऊने ताईला कितीतरी वर्षं गणवेशात जाता-येताना पाहिलं होतं. ती पँट तिच्या मापाची नव्हती, हे त्याला आज कळत होतं. त्याला एकदम काहीतरी करावंसं वाटलं, आणि त्याला जे येत होतं तेच त्याने केलं. मालकिणीला किंमत विचारली. ती ऐकून हसला. हातातला पट्टा हळूच काउंटरवर ठेवला. दाराकडे वळला.

उंबरा आला. हाक आली नाही.

भाऊ रस्त्यावर आला. समोरच्या भिंतीवरच्या मांजराने त्याच्याकडे पाहिलं. त्याने मुद्दाम घड्याळात पाहिलं, रुमालाने मान पुसली, थोडं रेंगाळून पाहिलं. तरी हाक नाही. शेवटी तो आत परतला तेव्हा ताई पूर्ण किंमत चुकती करून वेडर पिशवीत भरत होती, आणि मालकीण तिला ते सावलीत उलटे कसे वाळवायचे ते समजावत होती.

"ताई! एक पैसा कमी नाही?"

"छोट्या, गप," ताई म्हणाली. "कुठे गेला होतास?"

घरी जाईपर्यंत भाऊ मनात ती किंमत मोजत राहिला. त्याच्या सख्ख्या बहिणीने, तो सोबत असताना, चिठ्ठीवरची किंमत जशीच्या तशी मोजली होती. ही गोष्ट बाजारात फुटली तर तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. रात्री बायकोला तो म्हणाला, "येत्या रविवारी मीही जातो नदीवर. बघू दोघांत फरक काय पडतो ते."

"तुम्हाला गळ टाकता येतो का?"

"उभं राहायला काय येत नाही?"

रविवारी सकाळी नदीकाठी क्लबाची चार-पाच माणसं होती. दातांच्या डॉक्टरांनी भाऊचं स्वागत केलं, त्याच्या चकचकीत हिरव्या वेडरकडे पाहिलं, आणि सभ्य माणूस असल्यामुळे लगेच नजर दुसरीकडे वळवली. भाऊने पाण्यात पाय टाकला. घोटा बुडाला, गुडघा बुडाला. आत कोरडं ठाक. भाऊची छाती फुगली.

"ताई, थेंब नाही! काय म्हणत होतीस तू?"

"खाली शेवाळ आहे. पाय उचलून टाकू नकोस, सरकव," ताई म्हणाली. ती त्याच्या पुढे होती. राखाडी वेडर, कमरेचा पट्टा आवळलेला, एका हातात काठी. धारेला खांदा देऊन ती अशी आडवी सरकत होती, जणू गर्दीतून बस काढतेय. धार मांडीपर्यंत आली तिथे ती थांबली, पाय रोवले आणि गळ टाकला. तो धारेपलीकडे, डोहाच्या काळ्या पाण्याच्या तोंडाशी जाऊन पडला. काठावरच्या डॉक्टरांनी मान डोलावली.

भाऊला तिच्या शेजारी उभं राहून दाखवायचं होतं. तो चार पावलं आत आला. मध्ये पाण्याखाली एक लाकडाचा ओंडका अडकला होता. त्यावरून पाय टाकायला त्याने गुडघा वर घेतला, आणि त्याला जांघेतून ती ओळखीची करकर ऐकू आली. नंतर करकर नव्हती, सरळ टर्रकन आवाज आला.

पाणी बर्फासारखं होतं. आधी एका पायात उतरलं, मग दुसऱ्यात, आणि पाहता पाहता दोन्ही पाय भरलेल्या बादल्यांसारखे जड झाले. भाऊने मागे वळायचा प्रयत्न केला. त्याच्या बुटांचे तळवे गुळगुळीत होते. एक पाय सरकला, हात हवेत फिरले, आणि तो कमरेपर्यंत धारेत बसल्यासारखा झाला.

"ताई!"

ताईने मागे पाहिलं. काठी डाव्या हातात घेतली आणि ती धारेतून त्याच्याकडे आली, घाई न करता, पण न थांबता. त्याच्या वरच्या अंगाला उभी राहिली, म्हणजे धार आधी तिच्यावर आपटेल. त्याच्या काखेत हात घालून तिने त्याला उभं केलं.

"माझ्या खांद्यावर हात टाक. दोन्ही नको, एक."

"शिवण गेली गं."

"कळलं. पायाकडे बघू नकोस. समोर ते झाड दिसतंय ना, तिकडे बघ. आता उजवा पाय सरकव. थांब. मी म्हणेन तेव्हाच. हं, सरकव."

तो आवाज भाऊने याआधी ऐकला नव्हता. घरातला नव्हताच तो. भरलेल्या बसमध्ये उतारावर ब्रेक तापले असताना माणसांना जागेवर बसवणारा तो आवाज असणार. भाऊ निमूटपणे ऐकत गेला. ती लटपटली नाही. तिचे पाय तळाला खिळल्यासारखे होते. त्याचं सगळं वजन आणि त्याच्या विजारीतली निम्मी नदी अंगावर घेऊन तिने त्याला तिरक्या रेषेत काठापर्यंत आणलं.

डॉक्टरांनी आणि आणखी एकाने त्याला ओढून गवतावर घेतलं आणि पाय वर करून रिकामा केला. इतकं पाणी निघालं की डॉक्टरांना राहवलं नाही. "भाऊ, थोडी आमच्यासाठी ठेवायची होती नदी!" सगळे हसले. थरथरत, दात वाजवत भाऊही हसला.

"लागलं का कुठे?" ताईने विचारलं.

"नाही."

"बरं. थर्मासमध्ये चहा आहे, घे," ती म्हणाली. बस्स, एवढंच. 'मी म्हटलं नव्हतं का' यातलं एक अक्षर नाही. तिने स्वतःच्या कमरेचा पट्टा चाचपला, पुन्हा आवळला आणि परत पाण्यात उतरली.

कुणाचा तरी स्वेटर पांघरून भाऊ चहा पीत तिच्याकडे बघत बसला. ती पुन्हा त्याच जागी जाऊन उभी राहिली. त्याला वाटलं, आपण हिला कधी काम करताना पाहिलंच नाही. बसमध्ये तो बसायचा तेव्हा दिसायची ती फक्त तिची पाठ. आज ती समोर होती, छातीएवढ्या डोहाच्या काठावर, धारेच्या मधोमध, आणि तिच्या चेहऱ्यावर तो शाळेत असताना बघायचा तो भाव होता, ती सायकल शिकताना हँडलवरचे हात सोडायची तेव्हाचा.

काठी एकदम वाकली.

काठावरचे सगळे उठून उभे राहिले. ताईने काठी वर घेतली, दोरी सोडली, घेतली, सोडली. मासा डोहात खाली गेला, तशी ती त्याच्याबरोबर दोन पावलं पुढे सरकली, पाणी छातीपर्यंत आलं. भाऊ ओरडला, "ताई, जपून!" पण तिला ऐकू गेलं नसावं. बराच वेळ ओढाताण चालली. मग पाण्यावर एक रुपेरी कूस उलटली, ताईने कमरेची जाळी खाली धरली आणि मासा त्यात घेतला. चांगला हातभर लांब होता.

"या वर्षीचा सगळ्यात मोठा!" डॉक्टर म्हणाले. "त्या डोहातला एवढा मासा आमच्यापैकी कुणालाच लागला नव्हता."

ताईने जाळी काठाकडे उंच करून दाखवली, खास भाऊसाठी. मग तिने माशाचं पोट अलगद चाचपलं, गळ काढला, आणि दोन्ही हातांनी त्याला पाण्यात धरून ठेवलं. शेपटी हलली. ती हात सोडून उभी राहिली.

"सोडलास?" भाऊ किंचाळला.

"गाभोळी आहे पोटात," ताईने तिकडून सांगितलं. "जाऊ दे तिला."

इतक्या किमतीची विजार, आणि हाती आलेला मासा पाण्यात परत! एरवी भाऊने कपाळाला हात लावला असता. आज त्याला रागच येईना.

हिरवे वेडर भाऊने दुकानातलाच डिंक आणि पट्टी लावून जांघेत जोडले. पाण्याची टाकी धुवायला ते उत्तम आहेत, असं तो सांगतो, आणि त्यात खोटं काही नाही. ताईच्या वेडरविषयी मात्र तो गिऱ्हाइकाला खिळे मोजून देता देता स्वतःहून बोलतो. शिवणीवरची पट्टी, तळाचा नमदा, गुडघ्याचं दुहेरी कापड, सगळं. किंमतही सांगतो, पुरी, चिठ्ठीवरची. ताडपत्रीवाल्याने एकदा चिडवलं, "भाऊ, एक पैसा सुटला नाही म्हणे?" त्यावर भाऊ म्हणाला, "तिच्या मापाचं होतं ते."

क्लबात हल्ली आणखी दोघी येतात. एक शिंपीण आहे, एक दवाखान्यात नर्स. दोघींना पाण्यात पाय कसा सरकवायचा, ते ताई शिकवते. भाऊ रविवारी दुकानाला कुलूप लावून बायकोला घेऊन काठावर जाऊन बसतो. गळ टाकायला तो अजून शिकलेला नाही, शिकायचा विचारही नाही. परवा पुलावरून जाणारा एक म्हातारा कठड्याशी थांबला, खाली पाहून म्हणाला, "काय सफाईने उभा आहे हो तो मधला गडी! कोण आहे?"

"गडी नाही, बाई आहे ती," भाऊ खालून म्हणाला, आणि चहाचा कप बायकोच्या हातात देऊन उठून उभा राहिला. "आमची ताई आहे. थांबा जरा, आता टाकेल बघा गळ."

म्हातारा थांबला.